घडीमावशीचं पोट

हॉस्पिटलची लाँड्री तळघरात होती. दोन दालनं, मधे भिंत, आणि त्या भिंतीत बसवलेली धुण्याची मोठाली यंत्रं. यंत्रांना दोन तोंडं होती. मळके कपडे अलीकडच्या दारातून आत जायचे आणि धुऊन पलीकडच्या दारातून निघायचे, म्हणजे मळक्याचा स्वच्छाला हात लागू नये. पलीकडच्या दालनात एक लांबलचक, तापलेला रोलर. एका अंगाने दोघी बायका ओली चादर आत सारायच्या, दुसऱ्या अंगाने ती चटका बसेल इतकी गरम होऊन यायची, आणि तिथे उभ्या असलेल्या दोघी ती झेलून घडी घालायच्या. या झेलणाऱ्यांतली डावीकडची म्हणजे घडीमावशी. एकोणीस वर्षं ती त्याच जागी उभी होती. तिने घातलेल्या घडीचा कोपरा कोपऱ्याला असा लागायचा की वरच्या मजल्यावरच्या नर्सेस गठ्ठा बघून सांगत, आज मावशी कामावर आहे. शेवटी घडी हेच तिचं नाव पडलं.

बाई खाऊन-पिऊन सुखी होती. दुपारी भोंगा झाला की हात धुऊन बाकावर बसायची, तीन पुडांचा डबा उघडायची आणि मान खाली घालून, कुणाशी न बोलता, मन लावून जेवायची. तिचं झालं की बाकीच्या आपापल्या डब्यातलं उरलंसुरलं तिच्याकडे सरकवत. कुणी हसलं तर म्हणायची, "दिवसभर उभं राहायचं तर आत काहीतरी नको का? रिकामं पोतं उभं राहत नाही."

मावशीच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लाँड्रीत तापाची साथ आली. एकीला आला, मग दुसरीला, असं करत सगळ्यांना. इतर बायका आठवड्यात कामावर आल्या. मावशीला दोन आठवडे लागले. उलट्या, ताप, अंग मोडून निघालेलं. ताप उतरला तसा तिने पदभार घेतल्यासारखा आपला रोलर पुन्हा धरला, आणि त्या दुपारी डबा उघडला तर चार घासांत पोट भरलं.

भरलं म्हणजे नुसतं भरलं नाही. लग्नघरी दोन पंगती जेवून उठावं तसं बरगड्यांखाली टम्म झालं. तिला वाटलं, आजारातून उठलेय, होईल हळूहळू. पण आठवडा गेला, महिना गेला, चार घासांचे पाच काही होईनात. संध्याकाळी ढेकर यायचा तो सकाळच्या चहापावाचा. बसमधून घरी जाताना घशाशी काहीतरी येऊन थांबलेलं असायचं, गिळलं तरी खाली जायचं नाही. मग एके दिवशी घरी पोचल्या पोचल्या मोरीत उलटी झाली आणि तिने जे पाहिलं त्याने ती जरा वेळ तशीच वाकून उभी राहिली. दुपारी बाराला खाल्लेले वाटाणे होते. आख्खे. आत्ता शिजवून ताटात वाढावेत तसे.

तिने पाणी ओतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

घरात नवरा आणि मुलगी. नवरा काचेच्या दुकानात कारागीर होता. खिडक्यांच्या, कपाटांच्या, आरशांच्या काचा मापाने कापायच्या, हे त्याचं काम. दोरा टाकावा तशी सरळ रेघ हिऱ्याच्या पेनाने मारायचा आणि टिचकीसरशी काच दोन करायचा. घरातही माणूस तसाच, मोजकं बोलणारा आणि जे डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारा. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आणि दोन गल्ल्या सोडून नणंद राहायची. ती घरात राहत नसली तरी नसल्यासारखी कधीच नव्हती. तिच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर काहीतरी भिजत घातलेलं असायचं.

मावशी डबा पूर्ण भरून न्यायची, कारण नाही नेला तर घरी प्रश्न. लाँड्रीत ती चार घास खायची, उरलेलं सफाईवाल्या बाईला द्यायची, ती नसेल त्या दिवशी कचऱ्यात. डबा नळावर घासून, पुसून, रिकामा घरी आणायची. नवरा विचारायचा, जेवलीस का. ती म्हणायची, जेवले की. असं चार महिने चाललं. अंगावरचे कपडे मात्र खोटं बोलत नव्हते. आधी कंबरेला टाचणी, मग दोन टाचण्या, मग मुलीने एक दिवस तिला मागून पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू कुठे चाललीस?" तिला म्हणायचं होतं की आई, तू कमी होत चाललीस. पण तोंडातून आलं ते असं.

लाँड्रीत तर्क सुरू झालेच होते. एकीने हळूच विचारलं की या वयात दिवस तर नाही ना गेले. बाकड्यावर दोन दिवस त्यावर हशा झाला, मावशीही हसली. मग कुणी म्हणालं, बारीक व्हायचं मनावर घेतलंय, आम्हालाही सांग की काय करतेस. मग कुणी म्हणालं, घरात काहीतरी असणार, माणूस उगाच झिजत नाही. या शेवटच्या वाक्याला कुणी हसलं नाही, आणि तेच मावशीला जास्त लागलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिन्याने बदलून दिल्या. रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉईड तपासलं, सगळं ठाकठीक. सोनोग्राफी केली, त्यात काही नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून चष्मा काढला आणि विचारलं, मनावर काही ताण आहे का? ती म्हणाली, आहे, खाल्लेलं खाली जात नाही याचा ताण आहे. डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. नणंदेने भिजवलेल्या बिया आणल्या, कोंड्याचा पाव आणला, कच्च्या पालेभाज्यांचा रस आणला आणि समोर बसून पाजला. "वहिनी, पोट साफ झालं की सगळं साफ होतं," असं तिचं म्हणणं. तो रस दुसऱ्या दिवशी सकाळी, चौदा तासांनी, हिरवाच्या हिरवा परत आला.

आणि मग एका रविवारी डब्याचं बिंग फुटलं. सफाईवाली बाई बाजारात मावशीच्या नवऱ्याला भेटली. साधीभोळी बाई, तिने कौतुकानेच सांगितलं की तुमच्या घरचं जेवण फार चवीचं असतं, मावशी रोज देतात, माझ्या पोरांना आवडतं. नवरा घरी आला, पिशव्या खाली ठेवल्या, आणि विचारलं, "डबा कोण खातं?"

मावशीने सांगून टाकलं. म्हणाली, तुम्हाला काळजी नको म्हणून. नवऱ्याने मान हलवली. भांडला नाही. पण त्या दिवसानंतर ती जेवायला बसली की तो तिच्या ताटाकडे बघायचा, आणि ती उठून मोरीकडे गेली की दाराकडे. घरात पहारा बसला. संशय नावाची वस्तू एकदा घरात शिरली की ती कुठल्या कोनाड्यात ठेवली आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तिच्यावरची धूळ कुणी झटकत नाही.

पुढे तपासणी ठरली, दुर्बिणीची. घशातून नळी घालून पोट आतून बघायचं. तिच्याच हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही असं सांगितलं होतं. मावशीला आदल्या दुपारीच बरं वाटत नव्हतं. दोनच्या सुमाराला तिने अर्धी वाटी भात आणि दोन फोडी गाजर खाल्लं होतं, त्यानंतर पाणी. सकाळी दहाला तिला टेबलावर कुशीवर झोपवलं. खाली अंथरलेल्या चादरीची घडी अजून मोडली नव्हती. तिला ती ओळखीची वाटली. तिने तेवढ्यातही बोटाने कोपरा चाचपला.

तपासणी दोन मिनिटांत थांबली. नळी बाहेर काढली आणि तरुण डॉक्टर हातमोजे उतरवत म्हणाला, "बाई, तुम्ही खाऊन आलात."

घसा बधिर केलेला होता. तिने मानेने नाही म्हटलं.

"पोटात अन्न आहे. भात आहे, गाजर दिसतंय. आम्ही आंधळे नाही. असं खाऊन येता, मग ते श्वासनळीत गेलं की जबाबदारी कुणाची?" तो ओरडला नाही. दिवसातल्या पाचव्या पेशंटला सांगावं तसं कंटाळून म्हणाला, आणि तेच बाहेर येऊन तिच्या नवऱ्यालाही म्हणाला. कागदावर लिहिलं, पोटात अन्न आढळले, रुग्णाने उपवास पाळला नाही, तपासणी अपूर्ण.

बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. तिचा घसा परत आपला झाला तेव्हा तीन थांबे मागे गेले होते. नवऱ्याने समोर बघतच विचारलं, "खरं सांग. सकाळी काही खाल्लंस?"

"नाही."

"रात्री?"

"काल दुपारी दोनला. त्यानंतर पाणी."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. त्या 'बरं'चं वजन तिला घरापर्यंत उचलावं लागलं. तिला रडूही आलं नाही. दमलेल्या माणसाला रडणं म्हणजे आणखी एक काम. तिने ठरवलं की आता कुणाला काही सांगायचं नाही. जे खाली उतरेल ते उतरेल.

त्यानंतरचे दोन महिने तिने कसे काढले ते तिलाच नीट आठवत नाही. सकाळी पातळ चहा, दुपारी सूप, कधी केळं, बहुतेक वेळा काहीच नाही. पातळ पदार्थ टिकतात, घट्ट परत येतात, एवढं तिचं तिला कळलं होतं. वजन चौदा किलो उतरलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची, आणि थांबलेय हे कळू नये म्हणून भिंतीवरची नोटीस वाचायची. आग लागल्यास काय करावे, हे तिला पाठ झालं. एका सोमवारी रोलरमधून चादर आली, तिने हात पुढे केले, आणि चादर कुणी झेललीच नाही. मावशी खाली बसली होती. बसली म्हणजे कोसळलीच, पण जोडीदारणीने नंतर सगळ्यांना 'बसली' असंच सांगितलं. तिच्याच स्वच्छ चादरींच्या ट्रॉलीवर घालून तिला वर नेलं.

सलाईनवर तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी एक मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. पन्नाशी उलटलेल्या, पायात मऊ बूट, आणि स्टूल ओढून बसायची सवय. उभ्या उभ्या विचारणारे डॉक्टर मावशीने पुष्कळ पाहिले होते. स्टूल ओढणाऱ्या या पहिल्याच. बाईंनी काय होतं असं विचारलंच नाही. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी परत आलं, कसं दिसत होतं, असं विचारत गेल्या. मावशी थकून उत्तरं देत होती. वाटाण्यांचं सांगितलं. हिरव्या रसाचं सांगितलं. त्याआधी काही ताप आला होता का विचारलं म्हणून साथीचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली, दुर्बिणीचा कागद वाचला, आणि बोट त्या ओळीवर ठेवून वर पाहिलं.

"उपवास पाळला होता का तुम्ही?"

"पाळला होता."

"आदल्या दिवशी दुपारचा भात?"

"आणि गाजर."

"मग हा कागद चुकीचा नाही," बाई म्हणाल्या. "फक्त अर्धा वाचलाय. दुपारी दोनचं अन्न सकाळी दहाला पोटात होतं. वीस तास. तुम्ही खोटं बोलत नसाल तर हाच तुमचा आजार."

मावशीने उशीवरून डोकं उचललं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं खरं धरून पुढे गेलं होतं.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समजावून सांगितलं. पोट म्हणजे नुसती पिशवी नव्हे, ते स्नायूंचं आहे. आलेलं अन्न ते घुसळतं, बारीक करतं आणि खालच्या अरुंद दारातून थोडं थोडं आतड्यात ढकलतं. हे सगळं एका नसेच्या हुकमावर चालतं. ती नस दुखावली, तर दार उघडं असतं, वाटेत अडथळा नसतो, पण ढकलणारं कुणी नसतं. अन्न तिथेच पडून राहतं. वर्षानुवर्षं साखरेचा आजार असलेल्यांना होतं, काहींना पोटाच्या ऑपरेशननंतर, काहींना एखाद्या तापानंतर. पुष्कळांना कशाने झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. तुमचं तापानंतर सुरू झालं, त्यामुळे तापानेच झालं असं वाटतं, पण छातीठोक सांगता येणार नाही. आधी दोन गोष्टी करू. दोन दिवस फक्त पातळ देऊन पुन्हा दुर्बीण, म्हणजे वाटेत गाठ, व्रण काही नाही ना ते कळेल. आणि मग पोट किती वेळात रिकामं होतं ते मोजू.

नवऱ्याने एकच विचारलं. "मोजता येतं?"

दुर्बिणीत काही निघालं नाही. गाठ नाही, व्रण नाही, दार उघडं. मोजमापाची तपासणी पुढच्या आठवड्यात, तळमजल्याच्या मागच्या अंगाला, जाड दरवाजाच्या खोलीत. नवऱ्याने दुकानातून सुट्टी घेतली. तिने नको म्हटलं होतं, तरी आला.

सकाळी आठला तिला उकडलेलं अंडं आणि पावाचे दोन तुकडे दिले. अंड्यात किरण देणारं औषध किंचित मिसळलेलं होतं. चवीला काही नाही, धोकाही नाही, एरवी अंडं ते अंडंच. दहा मिनिटांत संपवायचं होतं. मावशीने ते एकेक घास असं खाल्लं, जणू परीक्षेचा पेपर. मग यंत्रासमोर उभं केलं, फोटो काढला. तासाने परत यायचं, मग दोन तासांनी, मग चार तासांनी. मधल्या वेळात बाकावर बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही.

चार तास म्हणजे केवढा वेळ असतो ते अशा बाकावर कळतं. समोर पिवळट भिंत, भिंतीवर थांबलेला पंखा, येणारी-जाणारी चाकाची खुर्ची. नवऱ्याने वर्तमानपत्र दोनदा वाचलं. तिला मळमळत होतं, पण उलटी झाली तर तपासणी फुकट जाणार म्हणून ती दात आवळून, सरळ बसून राहिली. नवऱ्याने ते पाहिलं. त्याने वर्तमानपत्राची घडी केली आणि तिच्यासमोर वारा घालू लागला. घडी वाकडीतिकडी होती. तिने ती तशीच राहू दिली.

यंत्रावरचा टेक्निशियन भला माणूस होता. चौथ्या तासाचा फोटो झाल्यावर नवरा दारात घुटमळताना दिसला, तसा त्याने त्याला आत बोलावून पडदा दाखवला. चार चौकटी होत्या. पहिलीत बरगड्यांखाली एक झगझगीत डाग. दुसरीत तोच डाग. तिसरीत तोच, जरासा फिका. चौथीतही तो तिथेच होता. टेक्निशियनने सांगितलं, निरोगी माणसाचं चार तासांत जवळपास सगळं खाली उतरतं, शंभरातले दहा भाग उरले तर डोक्यावरून पाणी. यांचे त्रेचाळीस उरलेत.

काच कापणारा माणूस, आयुष्यभर मापाच्या रेघेवर विश्वास ठेवलेला. तो पडद्यापुढे वाकून बराच वेळ बघत राहिला. मग बाहेर आला आणि बाकावर तिच्या शेजारी बसला.

"त्या दिवशीही तू खाल्लं नव्हतंस," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मला वाटलं, डब्यासारखंच..."

मावशीला वाटलं होतं की या दिवशी आपल्याला आनंद होईल. झाला नाही. पोटातून वर आला तो राग. इतक्या महिन्यांचा, न पचलेला, आख्खाच्या आख्खा.

"डब्याचं मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. पण त्या दिवशी मी खरं सांगितलं होतं. मला तोंड होतं की. यंत्र कशाला लागलं तुम्हाला?"

त्याच्या बोटांवर काचेचे जुने, पांढरे वण होते, ते तो चोळत राहिला. "चुकलं माझं," एवढं म्हणाला. दुसरा कुणी असता तर आणखी काही बोलला असता आणि बिघडवलं असतं. मावशीने डोळे मिटले. आत अंडं जसंच्या तसं पडलेलं होतं आणि तिला घरी जाऊन नुसतं बसायचं होतं.

नाव मिळालं म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे. पहिलं औषध दिलं त्याने पोट हललं, पण हात-पायही हलायला लागले. एका जागी बसवेना, चादर झेलताना बोटं थरथरायची, जीभ तोंडात वळवळते आहे असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकल्याबरोबर बंद केलं. म्हणाल्या, हे चालू ठेवलं तर थरथर कायमची राहू शकते. दुसरं दिलं, ते बऱ्यापैकी मानवलं. पण खरं औषध ताटात होतं. तीनदा जेवायचं नाही, सहा-सात वेळा, एका वेळी कपभर. मऊ, पातळ, गाळलेलं. तूप-तेल कमी, कारण ते पोटाला आणखी सुस्त करतं. कोंडा, बिया, सालं, कच्च्या भाज्या बंद, कारण त्यांचा पोटात गोळा होऊन बसतो. प्रत्येक घास चावून चावून. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही. उलट जरा चालायचं.

नणंदेला ही यादी वाचून दाखवली तेव्हा तिने कागद हातात घेऊन ती पुन्हा स्वतः वाचली. तिने प्रेमाने आणलेली एकूणएक वस्तू बंदच्या रकान्यात होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मीच तुला मारायला निघाले होते की वहिनी." मावशी म्हणाली, नाही हो, तुम्ही निदान काहीतरी आणत तरी होता. नणंदेने दुसऱ्या दिवशी एक बारीक जाळीची गाळणी आणून दिली, आणि जाताना सवयीने विचारलं की लिंबाचं एखादं काही चालेल का. सवय ती सवय.

रोलरची जागा सुटली. आठ तास उभं राहणं आता झेपणारं नव्हतं. सुपरवायझरने तिला शिवणखोलीत घातलं. फाटलेले अभ्रे, गाऊनच्या तुटलेल्या नाड्या, उसवलेल्या कडा. खोलीला रस्त्याच्या पातळीवर एक खिडकी होती, तिच्यातून लोकांचे फक्त पाय दिसायचे. मावशी आधी तिथे नाखुशीनेच गेली. एकोणीस वर्षांची जागा म्हणजे दाताची जागा. दात गेला तरी जीभ तिथेच जाते. पहिला महिना ती दर तासाला उठून पलीकडच्या दालनात डोकावायची. मग तासाला उठणं बंद झालं, पण कपभर खाऊन झाल्यावर उठणं भागच होतं. लाँड्रीच्या लांब बोळातून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायची, आणि ट्रॉली ढकलणाऱ्या बायका तिला वाट करून द्यायच्या. कुणीतरी म्हणालं, मावशी आता साहेबासारखी राउंड घेते. या वेळी हसण्यात कुणाचा काही हेतू नव्हता.

लोकांना समजावणं हे मात्र आजारापेक्षा दमवणारं काम निघालं. बरी दिसतेस की, म्हणणारे होते. काल तर खाल्लंस, आज काय झालं, म्हणणारे होते. काल चाललं ते आज का चालत नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एक आठवडा चांगला जायचा, तिला वाटायचं सुटले. मग तीन दिवस पाणीसुद्धा ठरायचं नाही, ऑफिसात फोन, सलाईन, परत पहिल्यापासून. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं तर जळतही नव्हतं, नुसतं साचत होतं. मुलीने कॉलेज संपवून नोकरी धरली, आणि पहिल्याच दिवशी आईसाठी मिक्सर आणला. घरात रोज संध्याकाळी त्याची घरघर चालायची. नवऱ्यानेही कुणी न सांगता तिच्यासोबत सूप प्यायला सुरुवात केली. तिने दोनदा ओरडून त्याला ताट वाढून घ्यायला लावलं. म्हणाली, मला सोबत नको, मला समोर कुणीतरी नीट जेवताना बघायचंय.

दीड वर्षाने ती डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा वजन चार किलो वाढून तिथेच थांबलेलं होतं. तिने विचारलं, आता आणखी किती बरं होईन? बाईंनी पेन खाली ठेवलं. काही जणांचं, विशेषतः तापानंतर झालेलं, वर्षा-दोन वर्षांत पुष्कळ सुधारतं, असं सांगितलं. काहींचं जिथे आहे तिथेच राहतं. काहींना नळीने अन्न द्यावं लागतं. तुमच्यावर ती वेळ येईल असं आज दिसत नाही. "यापेक्षा जास्त सांगितलं तर ते मी माझ्या मनाचं सांगेन," त्या म्हणाल्या. मावशीला ते आवडलं. खोट्या धीराने तिला आता उलटीच येत असे.

त्याच महिन्यातली एक रविवारची दुपार. मुलगी मैत्रिणीकडे गेलेली. नवरा कुरकुरणाऱ्या खिडकीची फट भरत होता. मावशी खुर्चीत, पाठीला उशी लावून बसली होती आणि चार वाजायच्या सुमाराला तिला आत काहीतरी वेगळंच वाटलं. मळमळ नव्हती, टम्मपणा नव्हता. तिला ओळखायलाच वेळ लागला. भूक होती. दोन वर्षांत घड्याळाकडे बघून खाल्लं होतं, भुकेने एकदाही नाही.

ती उठली, एक बटाटा उकडला, सोलला, काट्याने मऊ कुस्करला, मीठ घातलं. उभ्यानेच अर्धा खाल्ला, सावकाश. उरलेला अर्धा तिला खावासा वाटत होता, तरी तिने झाकून ठेवला. नवऱ्याने हातातलं काम न थांबवता विचारलं, "कसं आहे?"

"चव आहे," ती म्हणाली. "पुढचं अजून कळायचंय. संध्याकाळपर्यंत थांबा."

मग दाराच्या खिळ्यावरची किल्ली काढून ती चपला शोधू लागली, कारण खाल्ल्यावर चालायचं होतं. नवऱ्याने फट अर्धीच भरली होती. त्याने हात पुसले आणि तोही निघाला.